लग्नसराईआधीचा संगणक: डिस्कच्या नोंदी

१३ सप्टेंबर २०२५, शनिवार, सांगली

दादाच्या फोटो स्टुडिओतला संगणक बदलायचाय. आत्ताचा २०१४ चा: चौथ्या पिढीचा आय-५, ८ जीबी रॅम, १ टीबीची हार्ड डिस्क. विंडोज १० चे अपडेट १४ ऑक्टोबरला थांबणार आणि विंडोज ११ या प्रोसेसरला दारातही उभं करत नाही. इंटेलची आठवी पिढी किंवा पुढची हवी, वर टीपीएम २.० (सुरक्षेसाठीची सोय) हवं. दादाची अट एकच, "तयार डबा घेऊ. सुटे भाग आणून जोडत बसायला वेळ नाही, आणि बिघडला तर फोन एकाच माणसाला लावायचा." अट रास्त आहे. तुळशीची लग्नं लागली की आमच्याकडे लग्नसराई, म्हणजे नोव्हेंबर उजाडताना मशीन बसलेलं हवं. बजेट साठ हजार. मॉनिटर जुनाच ठेवायचा.

पुण्यात आयटी सपोर्टची नोकरी करते म्हणून हे काम माझ्या गळ्यात. दादाने तोवर दोन दुकानांत विचारूनही ठेवलं होतं आणि दोन्हीकडे त्याचा प्रश्न तोच: "किती जीबी?" या मशीनसमोर रोज आठ-दहा तास बसतात वहिनी. अल्बम त्याच लावतात. त्यांना कोणी काही विचारलेलं नाही.

म्हणून आज खरेदीचं काहीच केलं नाही. मोबाइलवर स्टॉपवॉच लावलं आणि वहिनींच्या शेजारी स्टूल टाकून बसले.

बटण दाबल्यापासून फोटोशॉपमध्ये पहिला फोटो दिसेपर्यंत ४ मिनिटं १० सेकंद. २,४०० फोटोंचं फोल्डर उघडून सगळी छोटी चित्रं दिसायला ६ मिनिटं २० सेकंद. ३६ पानी अल्बमची १.८ जीबीची फाइल सेव्ह व्हायला ५० सेकंद, आणि वहिनी दिवसातून तीस-चाळीस वेळा सेव्ह करतात. ६४ जीबीचं भरलेलं कार्ड उतरवायला ३१ मिनिटं. खाली स्टुडिओ, वर घर. कार्ड लावलं की वहिनी वर जाऊन कणीक मळून येतात.

पहिल्या दोन कामांच्या वेळी टास्क मॅनेजर उघडा ठेवला होता. डिस्कसमोर १०० टक्के, आणि त्याखाली वेग सेकंदाला १.६ एमबी. दादा डोकावला. "शंभर टक्के? भरली का डिस्क?" भरलेली नाही. ते शंभर टक्के जागेचे नव्हेत, वेळेचे. डिस्कला क्षणाची उसंत नाही, तरी हाती पडतंय सेकंदाला दीड एमबी. गोम तिथेच आहे. उद्या मांडते.

१४ सप्टेंबर, रविवार

ही डिस्क मिनिटाला ७,२०० फेरे फिरते. म्हणजे सेकंदाला १२०, एका फेऱ्याला ८.३ मिलिसेकंद. हवा तो तुकडा वाचणाऱ्या टोकाखाली यायला सरासरी अर्धा फेरा जातो, ४.२ मिलिसेकंद. त्याआधी तो हात योग्य वर्तुळावर न्यायला आठ-नऊ. बेरीज १२-१३ मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाला जेमतेम ८० ठिकाणी जाऊन येता येतं. प्रत्येक ठिकाणाहून ४ केबी उचलले तर सेकंदाला ३२० केबी. तीच डिस्क एखादी मोठी फाइल सलग वाचताना १५० एमबी देते. साडेचारशे पटींहून जास्त फरक, आणि डिस्क एकच.

पाटीवर १५० लिहितात. वहिनींना थांबवतात ते ३२० केबी.

हे सांगितल्यावर वहिनी म्हणाल्या, "म्हणजे माळा." मी: कसला माळा? "अहो वन्सं, माळ्यावरून गव्हाचं पोतं एकदाच उतरवायचं तर शिडी लावली काय, न लावली काय. पण फोडणीची मोहरी माळ्यावर, जिरं माळ्यावर, हिंग माळ्यावर, आणि दर चिमटीला शिडी. तसं चाललंय हे." माझ्या ऑफिसात नव्या मुलांना शिकवताना मी चार स्लाइड दाखवते. आता माळाच सांगेन.

विंडोज सुरू होणं, फोटोशॉप उघडणं, छोटी चित्रं दाखवणं ही सगळी फोडणीची कामं, हजारो लहान फाइली इथून-तिथून. व्हिडिओ हलवणं हे पोतं. हार्ड डिस्क पोत्यांना अजूनही उत्तम आहे. फोडणीला नाही, आणि कधी होणारही नाही, कारण अडचण लोखंडाची आहे: काहीतरी फिरायला लागतं, काहीतरी सरकायला लागतं. आयबीएमची पहिली डिस्क, १९५६ ची रॅमॅक, हवी ती नोंद शोधायला सुमारे ६०० मिलिसेकंद घ्यायची. आज १२-१३. जवळजवळ सत्तर वर्षांत पन्नासेक पट. त्याच काळात साठवण काही एमबीवरून कित्येक टीबीवर गेली, दशलक्ष पटींच्या पुढे. डिस्क फुगली, पाय तेवढे भरभर उचलेना.

२० सप्टेंबर, शनिवार, पुणे

तीन कोटेशनं हाती आली. सगळी जीएसटीसह, तिन्हींत बाराव्या पिढीचा आय-५.

अ. नामांकित कंपनीचा डबा, ८ जीबी रॅम, १ टीबी हार्ड डिस्क: ४४,५०० रुपये.
ब. तोच डबा, तेच मॉडेल, हार्ड डिस्कच्या जागी ५१२ जीबी एसएसडी (चिपांवर साठवणारी, आत फिरणारं काही नाही): ४७,२०० रुपये.
क. सांगलीतल्याच दुकानदाराचा तयार करून ठेवलेला डबा, १६ जीबी रॅम, "१ टीबी जेन-४ एनव्हीएमई, ५,००० एमबी स्पीड": ४८,००० रुपये. (एनव्हीएमई म्हणजे बोर्डाच्या वेगवान वाटेवर बसणारी एसएसडी, जेन-४ ही त्या वाटेची पिढी.)

तिन्ही कागदांवर प्रोसेसरचा अख्खा क्रमांक आहे. डिस्कचं मात्र नुसतं आकारमान. तयार डब्यात विकणाऱ्याला हात मोकळा राहतो तो इथे. प्रोसेसर बदलला तर गिऱ्हाइकाला लगेच कळतं. "५१२ जीबी एसएसडी" या तीन शब्दांत बाजारातली सगळ्यात स्वस्त आणि बऱ्यापैकी महाग अशा दोन्ही वस्तू बसतात, आणि दोघींचंही बिल खोटं ठरत नाही.

तिघांनाही एकच निरोप पाठवला: डिस्कचा कंपनीसकट पूर्ण मॉडेल क्रमांक कळवा.

२१ सप्टेंबर, रविवार

अ-वाल्यांचं उत्तर: "सीगेट, एसटी-१०००-डीएम-०१०." क-वाल्याने एका नावाजलेल्या एसएसडीचं मॉडेल कळवलं. ब-वाले: "मॅडम, कंपनी जी टाकेल ती." हेही एक उत्तरच.

दादाने एसटी वाचून विचारलं, लाल डब्यात पण बसवतात का ही? बसवत नाहीत. एसटी म्हणजे सीगेट टेक्नॉलॉजी, पुढचा आकडा जीबीतली क्षमता. १,००० म्हणजे १ टीबी. बाकीची अक्षरं नेटवर टाकली की फेरे, कॅश आणि मुख्य म्हणजे मार्गिका (तबकडीवरची माहितीची वर्तुळं) सरळ की एकावर एक, हे सगळं बाहेर येतं. ही ७,२०० फेऱ्यांची आणि सरळ मार्गिकांची आहे. तिचीच थोरली बहीण, २ टीबीची डीएम-००८, तीही ७,२०० ची, पण एकावर एकवाली.

एकावर एक म्हणजे कौलं. आमच्या जुन्या घराला मंगळुरी कौलं होती. एकाचा काठ दुसऱ्याखाली, म्हणून तेवढ्याच छपराला जास्त ओळी बसतात. पण मधलं एक कौल बदलायचं तर वरची रांग उचलावी लागते. या डिस्कमध्ये मधली एक मार्गिका पुन्हा लिहायची तर शेजारच्याही पुन्हा लिहाव्या लागतात. एकदा भरून ठेवून द्यायचं असेल तर काही बिघडत नाही. त्याच फाइलीवर रोज काम करायचं असेल तर मधूनच डिस्क बसकण मारते. २०२० मध्ये वेस्टर्न डिजिटलने रेड या मालिकेतल्या काही डिस्क अशा असल्याचं आधी सांगितलं नव्हतं म्हणून बराच गदारोळ झाला होता. तेव्हापासून कंपन्या ही माहिती तपशील-पत्रकात देतात. दुकानातल्या पाटीवर ती कधीच नसते.

आता किमतीचा हिशेब. तयार डब्यातल्या डिस्कची किंमत वेगळी लिहिलेली नसते, ती वजाबाकीने काढावी लागते. ब वजा अ: २,७०० रुपये. म्हणजे हार्ड डिस्क काढून एसएसडी घालायचे २,७००. पण सुटी १ टीबी हार्ड डिस्क मला ४,२०० ला सांगितली, आणि बऱ्यापैकी नावाची ५०० जीबी एनव्हीएमई ३,२०० ला. काढलेली वस्तू महाग, घातलेली स्वस्त, आणि वर २,७०० आपण द्यायचे.

उलट बाजूने पाहा. 'अ' घेतला आणि ३,२०० ची एसएसडी स्वतः बसवली तर ४७,७०० होतात. 'ब'पेक्षा पाचशे रुपये जास्त, पण १ टीबीची डिस्क डब्यात तशीच राहते, आणि एसएसडी कुठली आहे ते आपल्याला ठाऊक असतं. विंडोज नव्याने टाकायची भीती नको. कंपनीच्या डब्यात लायसन्सची चावी बोर्डाच्या बायोसमध्येच असते, विंडोज ती आपोआप उचलतं.

तेवढ्यावर 'अ' पक्का होणार होता. मग त्याचे आतले फोटो मागवले. साटा (डिस्क जोडायची नेहमीची पद्धत) पॉवरची एकच पिन, डिस्कला एकच जागा, पॉवर सप्लाय कंपनीच्या खास आकाराचा. आम्हाला एक एसएसडी आणि एक मोठी डिस्क लागणार, म्हणजे त्यातली १ टीबी काढून टाकावी लागणार. ज्या वस्तूपायी हिशेब जुळत होता तीच टाकायची. 'अ' बाद.

२१ सप्टेंबर, रात्री

'क'मधले "५,००० एमबी" खटकत होते. बोर्ड विचारला: एच-६१०. या चिपसेटला (बाकीचे भाग प्रोसेसरशी जोडणारी बोर्डावरची चिप) प्रोसेसरची जेन-४ ची एनव्हीएमई वाट मिळतच नाही. एम.२ ची खाच, म्हणजे एनव्हीएमई बसते ती, चिपसेटवरून येते, जेन-३, चार लेन. एका लेनला सेकंदाला साधारण ९८५ एमबी, चारांना कागदावर ३,९४०, हातात साडेतीन हजार. पाच हजारांची डिस्क इथे कुठल्याही दिवशी पाच हजारांनी धावणार नाही. दुकानदाराला मुद्दाम फसवायचं होतं असं नाही वाटत. त्याने डिस्कच्या खोक्यावरचा आकडा उतरवला, झालं.

आणि खरं सांगायचं तर त्याने काही फरकही पडत नाही. पण तो आकडा दाखवून पैसे मागू नयेत.

२८ सप्टेंबर, रविवार, सांगली

प्रयोग. माझ्या जुन्या लॅपटॉपमधली ५०० जीबीची साटा एसएसडी घेऊन आले होते. दादाच्या मशीनची डिस्क तिच्यावर क्लोन केली (रात्रभर चाललं) आणि तीच कामं त्याच स्टॉपवॉचवर. प्रोसेसर, रॅम काही बदललं नाही.

फोटोशॉप ४:१० वरून १:०५. छोटी चित्रं ६:२० वरून १:५०. सेव्ह ५० सेकंदांवरून ३१. इथे उडी लहान, कारण फोटोशॉप फाइल दाबून (कॉम्प्रेस करून) लिहितो आणि ते काम प्रोसेसरचं.

डिस्कचा वेग मोजणारा क्रिस्टलडिस्कमार्कही चालवला. त्यात चार ओळी येतात. जाहिरातीत दिसते ती पहिली, आपल्याला हवी ती शेवटची: ४ केबी, विखुरलेलं, एका वेळी एकच. हार्ड डिस्क ०.६ एमबी, साटा एसएसडी ३१. पन्नास पट. नव्या एनव्हीएमईवर हाच आकडा पन्नास-साठ येईल, ऑफिसातल्या मशीनवर पाहिलेलाय. म्हणजे साटाच्याही दुप्पट नाही. पहिल्या ओळीत मात्र १४८, ५४० आणि साडेतीन हजार असे आकडे एकापुढे एक उड्या मारत जातात. पैसे मागतात ते या पहिल्या ओळीचे.

आणि कार्ड? ३१ मिनिटांवरून ३० मिनिटं ४० सेकंद.

मी पुन्हा केलं. तेच. वहिनी कणीक मळून आल्या तरी पट्टी अर्ध्यावरच. म्हणजे कार्डाच्या बाबतीत डिस्कचा काही गुन्हाच नव्हता, आणि मी दोन आठवडे तो तिच्या नावावर मांडत होते. ६४ जीबी भागिले ३१ मिनिटं, सेकंदाला ३४-३५ एमबी. हा आकडा ओळखीचा आहे: यूएसबी २. कॅबिनेटच्या तोंडावरचा कार्ड रीडर आत यूएसबी २ च्या पिनांवर जोडलेला. कागदावर सेकंदाला ४८० मेगाबिट, हातात पस्तीस-चाळीस एमबी. माझा सुटा रीडर मागच्या निळ्या यूएसबी ३ मध्ये लावला: १२ मिनिटं. याच्या खाली जायचं नाही, कारण दादाची कार्डं यूएचएस-१ आहेत आणि त्या वाटेची मर्यादाच १०४ एमबी.

नऊशे रुपयांत सुटणारी अडचण. अकरा वर्षांपूर्वी कॅबिनेट घेतानाच त्यातला रीडर असा जोडलेला होता, आणि "मशीन स्लो झालंय" यात तोही जमा होत गेला.

४ ऑक्टोबर, शनिवार, पुणे

तपकीर गल्लीतून (इथला इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार) दोन यूएसबी ३ रीडर आणि एक साटा केबल. पार्किंगला तीन फेऱ्या.

५ ऑक्टोबर, रविवार

मोठ्या डिस्कचा विचार. दादाची वर्षाला साधारण १५ लग्नं, प्रत्येकी व्हिडिओसकट २०० जीबी: ३ टीबी. हे सगळं एसएसडीवर ठेवणं परवडणारं नाही आणि गरजेचंही नाही. आजचे भाव जीबीमागे: १ टीबी हार्ड डिस्क ४ रुपये २० पैसे, १ टीबी एनव्हीएमई ५ रुपये ६० पैसे, ४ टीबी हार्ड डिस्क अडीच रुपये. लहान हार्ड डिस्कची मजा बघा. मोटर, हात, खोकं, सर्किट यांचा खर्च तबकडी छोटी असो की मोठी, तेवढाच. त्यामुळे १ टीबी हार्ड डिस्क आता ना स्वस्त, ना वेगवान. तयार डब्यांत मात्र ती अजूनही दिसते, कारण "१ टीबी" हे "५१२ जीबी"पेक्षा मोठं वाटतं. दादालाही वाटलंच होतं.

४ टीबीत दोन पर्याय: सीगेट बाराकुडा, कौलांची. सीगेट आयर्नवुल्फ, सरळ. दोन्ही ५,४०० फेऱ्यांच्या जवळपास. निव्वळ साठवणीला बाराकुडा चालली असती. पण मला दादा ठाऊक आहे. "तेवढं एकच गाणं बदलायचंय" म्हणून तो जुन्या लग्नाचा व्हिडिओ साठवणीतूनच उघडणार आणि तिथेच सेव्ह करणार. आयर्नवुल्फ, ९,९००.

दादाचा प्रश्न: मग जुनी लग्नं त्या तुझ्या एसएसडीवर भरून कपाटात ठेवू? नको. एसएसडीत बिट म्हणजे अडकवून ठेवलेला विद्युतभार, तो हळूहळू झिरपतो. जेडेकच्या (चिपांची मानकं ठरवणारी संस्था) मानकात घरगुती एसएसडीकडून अपेक्षा एवढीच, की लिहिण्याचं आयुष्य संपल्यावर ती वीज न देता ३० अंशांत एक वर्ष माहिती धरून ठेवेल. नवी असेल तर बरीच जास्त टिकते. पण सांगलीच्या मे महिन्यात पत्र्याच्या कपाटात ३० अंश कुठले? कपाटात हार्ड डिस्कच.

१२ ऑक्टोबर, रविवार

'क'ला होकार. ४८,००० आणि ९,९०० आणि दोन्ही रीडरचे मिळून ९००: ५८,८००. एसएसडीचं मॉडेल व्हॉट्सअ‍ॅपवर पुन्हा लिहून घेतलं. बिलावर लिहा म्हटलं तर "लिहितो की मॅडम".

१४ ऑक्टोबर, मंगळवार

विंडोज १० संपलं. दादाचं मशीन नेहमीसारखं सुरू झालं. "काहीच तर झालं नाही," असा फोन.

२५ ऑक्टोबर, शनिवार, सांगली

दिवाळी संपता संपता डबा आला. बिलावर: "१ टीबी एनव्हीएमई." मॉडेल नाही.

दादा स्क्रीनकडे बोट दाखवून, "९३१ दिसतंय. सत्तर खाल्ले." खाल्ले नाहीत. कंपनी हजारांनी मोजते, विंडोज १,०२४ नी. पण सांगेपर्यंत तो दुकानदाराला फोन लावून मोकळा झाला होता. त्या बिचाऱ्यावर नको तो आळ आला, आणि दहा मिनिटांनी मला हवा तो आळ सापडला. पॉवरशेलमध्ये (विंडोजला आज्ञा टाइप करायची खिडकी) गेट-फिजिकलडिस्क टाकलं तर नाव भलतंच. ठरलेली नव्हे. मॉडेल शोधलं: क्यूएलसी, म्हणजे स्वस्तातल्या जातीची, स्वतःची डीरॅम (तात्पुरती स्मृती) नाही.

क्रिस्टलडिस्कमार्क: पहिली ओळ ३,४००, शेवटची ५८. इथे थांबले असते तर सगळं झकास आहे म्हणून मी पेढे वाटले असते.

२६ ऑक्टोबर, रविवार

ती चाचणी १ जीबीची असते. १ जीबीत क्यूएलसी कधीच पकडली जात नाही. तिच्या एका पेशीत चार बिट कोंबायचे असतात आणि ते काम संथ. म्हणून ती रिकाम्या जागेतल्या पेशी तात्पुरत्या एकेका बिटाने भरते, भराभर, आणि मागाहून निवांत आवरते. पाहुणे येताना पसारा आतल्या खोलीत ढकलावा तसं. खोली रिकामी आहे तोवर घर चकाचक. डिस्क जितकी भरेल तितकी ती खोली लहान.

म्हणून आधी दादाचे जुने व्हिडिओ टाकून ६०० जीबी भरली, तासभर तशीच ठेवली, मग १२० जीबीच्या एका फोल्डरची तिथल्या तिथे दुसरी प्रत काढली. सुरुवात सेकंदाला १,२०० एमबीने. ७० जीबीच्या आसपास आलेख कड्यावरून खाली. ९५. मग शेवटपर्यंत ९५ ते १०० च्या मध्ये. दादाच्या जुन्या हार्ड डिस्कच्या सलग वेगापेक्षा कमी.

मी तावातावाने वहिनींना आलेख दाखवला. त्या बघून म्हणाल्या, "पण माझं कुठं अडतंय?"

प्रश्न बरोबर होता. कार्ड ९० नी येतं, डिस्क अगदी थकली तरी ९५ नी घेते. एक कार्ड उतरवताना काही कळणारसुद्धा नाही. करून पाहिलं, खरंच नाही कळलं. मग दोन रीडर, दोन कार्डं एकदम, आणि वहिनी फोटोशॉपमध्ये. पहिली काही मिनिटं ठीक. नंतर डिस्क पुन्हा १०० टक्के, आणि ब्रश मारला की रेघ तीन सेकंदांनी. हे अडतं. पण डिस्क साठ टक्के भरली असेल आणि दोन कार्डं एकदम चालली असतील, तरच.

२७ ऑक्टोबर, सोमवार, पुणे

दुकानदाराशी फोन. "मॅडम, सेमच आहे ओ, जेन-४ आहे, एक टीबी आहे." मी त्याला त्याचाच व्हॉट्सअ‍ॅप पाठवला. मग खरं कारण: दिवाळीत माल संपला, वितरकाने ही दिली. बदलून देतो, पण दहा-बारा दिवस.

दहा-बारा दिवस म्हणजे लग्नसराईत मशीन उघडणं. त्यापेक्षा हिशेब केला. या मॉडेलची सुटी किंमत ठरलेलीपेक्षा १,६०० ने कमी. लिहिण्याची हमी २०० टीबी. आमचं लिखाण, वर्षाला ३ टीबी लग्नं, फोटोशॉपची तात्पुरती फाइल, व्हिडिओचे मसुदे, सगळं धरून ढोबळमानाने १५ टीबी. तेरा वर्षं. आयुष्याची चिंता नाही. वेगाचं दुखणं डिस्क निम्म्याच्या आत ठेवली तर फारसं उरत नाही, आणि साठवणीला ४ टीबी शेजारी आहेच.

माझा कल तरीही बदलून घेण्याकडे होता. ठरलेली वस्तू ती ठरलेली. वहिनी म्हणाल्या, पैसे परत घ्या, डिस्क राहू दे. मशीन त्या वापरणार, तेव्हा मी गप्प बसले. भाव त्यांनीच केला, मी १,६०० म्हणत होते, त्यांनी १,८०० परत घेतले आणि बिलावर मॉडेल क्रमांक लिहून शिक्का मारून घेतला, वॉरंटीला उपयोगी पडेल म्हणून. ते मला सुचलं नव्हतं.

१ नोव्हेंबर, शनिवार, सांगली

आयर्नवुल्फ बसवली. आधी क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये चालू राहिलेले तास पाहिले: ०. सीलबंद दिसणाऱ्या डिस्कचंही हे पाहून घ्यावं, दोन मिनिटांचं काम. एसएसडीवर चालू अल्बम, अल्बम छापायला गेला की फोल्डर मोठ्या डिस्कवर, आणि दुसरी प्रत दादाच्या बाहेरच्या डिस्कवर. एसएसडी ४५० जीबीच्या वर गेली की वहिनी दादाला हाक मारणार. यासाठी मी एक छोटा प्रोग्राम लिहिणार होते. वहिनींनी मॉनिटरवर चिठ्ठी चिकटवली.

रीडर मागच्या यूएसबी ३ ला, केबल टेबलाच्या कडेने वर घेतली.

९ नोव्हेंबर, रविवार

पहिलं काम, एक साखरपुडा. आकडे वहिनींनी फोनवर सांगितले, स्टॉपवॉच आता त्यांच्याच मोबाइलवर. फोटोशॉप ३८ सेकंद. छोटी चित्रं ४० सेकंद, फोटो या वेळी १,९०० च होते. सेव्ह १४ सेकंद. कार्ड १२ मिनिटं २० सेकंद. कणीक अर्धी मळून झालेली असताना खालून दादाची हाक येते, ही नवीन तक्रार.

राहिलेलं: जुन्या मशीनमधून माझी साटा एसएसडी परत आणायची. दादा म्हणतोय राहू दे, बिलं करायला बरं पडतं. त्यावर विंडोज १० च आहे म्हणून नेट काढून ठेवलंय म्हणतो. पुढच्या वेळी केबल बघून खात्री करायची.